जागल

धडगावच्या पुढे, सातपुड्याच्या एका पाड्यावर मी काही वर्षांपूर्वी तीन रात्री राहिलो होतो. पाडा म्हणजे सलग वस्ती नव्हे. एक घर या टेकाडावर, दुसरे ओढ्यापलीकडच्या उतारावर, तिसरे तर दिसतही नाही. संध्याकाळी चूल पेटली की त्याचा धूर तेवढा दिसतो. प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात. बांबूच्या कुडाच्या भिंती, त्यांना शेणमातीचा लेप, वर कौले. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. घरचा कुत्रा अंगणातून थोड्या थोड्या वेळाने भुंकायचा. मग समोरच्या टेकाडावरचा त्याला साथ द्यायचा, आणि ती साद दरीत उतरत दूर कुठेतरी विरून जायची. घरातली माणसे मात्र गाढ झोपली होती. सकाळी मी घरातल्या आजोबांजवळ कुरकुर केली की कुत्र्याने रात्रभर झोपू दिले नाही. त्यांना माझ्या बोलण्याचे नवल वाटले. तो जागा होता म्हणूनच तर आम्ही झोपलो, असे ते म्हणाले.

त्या वाक्याने माझा एक जुना समज मोडला. कुत्रा पाळल्याने आरोग्याला काय लाभ होतो, यावर अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. ते वाचताना डोळ्यांसमोर शहरातला माणूस येतो: हातात पट्टा, पायात बूट, सकाळचा फेरफटका, आटोक्यात आलेला रक्तदाब. ते चित्र खोटे नाही. पण लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के आदिवासी असलेल्या, सातपुड्याच्या डोंगरांत आणि नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत पसरलेल्या नंदुरबार जिल्ह्यात कुत्र्याने दिलेले आरोग्य शोधायचे, तर ते फेरफटक्यात सापडत नाही. ते आजोबांच्या त्या झोपेत सापडते.

आधी संशोधन काय सांगते ते पाहू. १९८० साली अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराने रुग्णालयात दाखल झालेल्या ९२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात तिघे दगावले. प्राणी नसलेल्या ३९ जणांपैकी अकरा दगावले. रुग्ण थोडे होते, पण या आकड्यांनी एक प्रश्न कायमचा उभा केला. २०१७ साली स्वीडनमध्ये ३४ लाख लोकांच्या बारा वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. एकट्याने राहणाऱ्या, पण कुत्रा पाळणाऱ्या माणसांत मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला. कुत्र्याचा लाभ सर्वांत ठळक दिसला तो एकट्या माणसाच्या घरात, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

पण अशा अभ्यासांवरून लगेच निष्कर्ष काढणे बरे नाही. जो मुळात धडधाकट आहे, ज्याला चालता-फिरता येते, तोच कुत्रा पाळायला धजतो. मग तब्येत कुत्र्यामुळे चांगली, की चांगल्या तब्येतीमुळे घरात कुत्रा? अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ च्या आपल्या निवेदनात म्हणूनच सावध भाषा वापरली. कुत्रा पाळण्याचा हृदयाला लाभ होत असावा. मात्र केवळ हृदयरोगाचा धोका कमी व्हावा म्हणून कोणी कुत्रा आणू नये, असा त्याचा आशय आहे. मला हे शहाणपणाचे वाटते. कुत्रा ही औषधाची गोळी नाही. गोळीला आपण काही देणे लागत नाही. कुत्र्याला भाकरी, पाणी, सावली आणि वेळ द्यावा लागतो, आणि हे देता देताच माणूस चालतो, बोलतो, कोणासाठी तरी सकाळी उठतो. शहाद्याच्या किंवा नंदुरबारच्या एखाद्या बंगल्यात महागडा कुत्रा दिवसभर साखळीला असेल आणि त्याला फिरवायला गडी नेत असेल, तर घरच्यांच्या पदरात त्यातले फार थोडे पडते.

जपानमध्ये २०१५ साली झालेल्या एका प्रयोगात माणूस आणि त्याचा कुत्रा एकमेकांकडे टक लावून पाहत असताना दोघांचेही ऑक्सिटोसिन वाढलेले आढळले. आई आणि तान्ह्या बाळाच्या मायेशी जोडले जाणारे हे संप्रेरक. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांत मात्र तसे घडले नाही. हजारो वर्षांच्या सोबतीने हे नाते दोघांच्या रक्तात उतरले आहे. माझा सगळा युक्तिवाद ‘दोघांचेही’ या शब्दावर उभा आहे. कुत्र्यापासून माणसाला आरोग्य मिळते ते नात्यातून, आणि नात्याला दुसरी बाजू असते. कुत्र्याचे आरोग्य ही ती बाजू. नंदुरबारमध्ये आपण पहिली बाजू पिढ्यानपिढ्या उपभोगली आणि दुसरीकडे पाठ फिरवली.

पहिली बाजू किती मोठी आहे, ते पाड्यावर राहिल्याशिवाय कळत नाही. मराठीत ‘जागल’ हा शब्द आहे. उभ्या पिकात रात्री माळ्यावर बसून राखण करायची, ती जागल. रानडुकरे मक्यात शिरू नयेत, कोणी कणसे नेऊ नयेत म्हणून माणूस रात्र जागवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नांगर धरतो. या जागलीचा अर्धा भार कुत्रा उचलतो. तो माळ्याखाली असला की वरच्या माणसाला डोळा लावता येतो. घरच्यांना त्याच्या भुंकण्याची भाषा कळते. अनोळखी माणसाला भुंकणे वेगळे, कोल्ह्याला वेगळे, आणि बिबट्याच्या वासाने तर तो भुंकणे सोडून कण्हत दाराशी येऊन चिकटतो. मोहाची फुले वेचायला बायका पहाटेच्या अंधारात निघतात, तेव्हा तो पुढे धावतो. झोपमोडीने रक्तदाब चढतो, चित्त थाऱ्यावर राहत नाही, कामात हात चुकतो, हे वैद्यकाला ठाऊक आहे. ज्या घराला भक्कम दार नाही, आजूबाजूला दिवा नाही आणि शेजारी हाकेच्या अंतरावर नाही, तिथे निर्धास्त झोप हीच आरोग्याची पहिली पायरी आहे. तिथे ती कुत्रा देतो.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळी उलटली की जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे बार्डोली-सुरतकडे ऊसतोडीला किंवा मजुरीला निघतात. धडधाकट माणसे जातात. मागे म्हातारी माणसे उरतात, आणि पुष्कळदा त्यांच्याबरोबर कुत्रा उरतो. म्हातारी भाकरी भाजते ती दोघांसाठी. केवळ स्वतःसाठी चूल पेटवायचा अनेकांना कंटाळा येतो, आणि एकट्या म्हाताऱ्या माणसाची कुपोषणाकडची वाट तिथूनच सुरू होते. समोर कोणी शेपूट हलवत बसले असेल तर चूल पेटते. स्वीडनच्या नोंदींत एकट्या माणसाच्या घरात जे दिसले, ते सातपुड्यात कोणी मोजलेले नाही. पण चुलीसमोर बसलेली ती जोडी पाहिली की त्या आकड्यांचा अर्थ उमजतो.

आपल्या भाषेने मात्र कुत्र्याला न्याय दिला नाही. हलाखीला आपण कुत्र्याचे जिणे म्हणतो, खोडीला वाकडे शेपूट म्हणतो. तरीही याच परंपरेत विद्यार्थ्याने श्वाननिद्रा शिकावी असे सांगितले आहे. याच परंपरेत धर्मराज सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जायचे नाकारतो, आणि नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावतात, कारण कोरडी भाकरी त्याच्या घशाला लागेल. याच जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीला मोठी यात्रा भरते, आणि घरोघरच्या तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्रे बसलेले असतात. श्रद्धेने कुत्र्याला देवाजवळ जागा दिली. आपल्या आरोग्य-योजनेत मात्र त्याला जागा नाही. याची किंमत माणसेच मोजतात.

जगात रेबीजने दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे मरतात, आणि त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक भारतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्याच्या चाव्यातून येतो, आणि कुत्रा चावलेल्यांत मुले फार असतात. लक्षणे दिसू लागली की हा आजार सहसा कोणाला सोडत नाही; पण लक्षणांच्या आधी उपचार झाला तर माणूस वाचतो. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटे धुवायची, त्याच दिवशी लस सुरू करायची, ठरलेल्या दिवशी पुढचे डोस चुकवायचे नाहीत, आणि कातडी फाटून रक्त आले असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, टोचायचे. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागतात.

आता हे नकाशावर ठेवून पाहा. नर्मदेच्या काठी सरदार सरोवराच्या फुगवट्यात अशी गावे आहेत जिथे दवाखाना बोटीतून येतो. डोंगरातल्या काही पाड्यांवरून आजही रुग्णाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणतात. अशा ठिकाणी मुलाला कुत्रा चावला तर पहिला डोस मिळेपर्यंत दिवस जातो, आणि पुढच्या प्रत्येक डोसासाठी मजुरी बुडवून तेवढीच वाट पुन्हा तुडवावी लागते. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही जुन्या लशीची भीतीही अजून मनातून गेलेली नाही. आज दंडात किंवा कातडीत मोजकीच इंजेक्शने लागतात, हे सगळीकडे पोचलेले नाही. मग जखमेवर मिरची आणि तेल लागते, भगताकडे जाणे होते, आणि मधले मोलाचे दिवस हातचे जातात. त्या आईबापांना अडाणी म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. भगत हाकेवर आहे, लस कोसांवर आहे.

यावर उपाय एकच, आणि तो कुत्र्यापासून सुरू होतो. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना नियमित लस दिली की रेबीजची साखळी तुटते, हे अनेक देशांत सिद्ध झाले आहे. गोव्याने हे आपल्या शेजारी करून दाखवले. गावोगाव फिरून, जाळ्याने पकडून, पाळीव आणि भटक्या अशा दोन्ही कुत्र्यांना तिथे लस दिली गेली, शाळाशाळांतून मुलांना शिकवले गेले, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. कुत्र्यांमार्फत होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा राष्ट्रीय कृती आराखडाही २०२१ सालचाच. कागद तयार आहे. प्रश्न तो तोरणमाळच्या घाटातून वर कधी चढतो, हा आहे.

गोवा लहान, रस्ते चांगले, डोंगरात हे कसे जमणार, असा आक्षेप येईल. पण पाड्यावर लस पोचतच नाही असे नाही. लाळ-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लशी घेऊन पशुसंवर्धन विभागाची माणसे बैलांसाठी अंगणापर्यंत येतात. शेळ्यांसाठीही येतात. त्याच अंगणात, बैलाच्या सावलीत, कुत्रा बसलेला असतो. शीतपेटी तीच, माणूस तोच, पायपीट झालेलीच. त्या पेटीत रेबीजच्या लशीच्या कुप्या असाव्यात आणि त्या घरच्या कुत्र्याला धरायला घरचीच माणसे असावीत, एवढेच मागणे आहे. शहरात भटका कुत्रा पकडावा लागतो; पाड्यावर बहुतेक कुत्र्याला घर आहे, नाव आहे, त्याचा कान धरून उभे राहणारे पोर आहे. या एका बाबतीत डोंगर शहरापेक्षा सोपा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला आणि देशभर कुत्रे हवेत की नकोत यावर तावातावाने बोलले गेले. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात तो प्रश्नच उद्भवत नाही. तिथे कुत्रा हवाच आहे. तो निरोगी हवा आहे.

घरच्यांच्याही वाट्याला काही कर्तव्ये येतात. तापीकाठच्या तळोदा-शहादा पट्ट्यात ऊस वाढला तसा बिबट्याही वस्तीजवळ आला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबात सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्याचा निघाला. जो आपल्याला बिबट्याची चाहूल देतो, तोच बिबट्याचे आवडते भक्ष्य आहे. म्हणून त्याला रात्री उघड्यावर साखळीने बांधून ठेवणे निर्दयपणाचे आहे, आणि बिबट्याला दाराशी बोलावणारेही. पडवीत आडोसा, गळ्यात धनगर घालतात तसा खिळ्यांचा पट्टा, जंताचे औषध, पिल्लांची संख्या वाढू न देण्याची काळजी, आणि मेलेल्या जनावराचे कच्चे अवयव त्याच्यापुढे न टाकणे, कारण त्यातून येणारे कृमी पुढे माणसाच्या यकृतात गाठी करतात. यातले काहीच खर्चिक नाही. ‘आपला’ म्हटलेल्या जिवाचे हे साधे देणे आहे.

पाड्यावरच्या तिसऱ्या रात्री मीही झोपलो. पहाटे कधीतरी जाग आली तेव्हा तो बाहेर भुंकत होता आणि समोरचे टेकाड त्याला ओ देत होते. मी कूस बदलली आणि पुन्हा झोपी गेलो. आपल्या वाट्याची जागल कोणी दुसरा करत असेल, तर दिवसा त्याच्यासाठी कोणीतरी जागे राहायला हवे. सातपुड्यात रात्रीची जागल चोख होते. दिवसाची जागल आपल्याकडे आहे: आरोग्य खात्याकडे, पशुसंवर्धन खात्याकडे, ग्रामसभेकडे, आणि ज्याच्या अंगणात तो बसतो त्या प्रत्येकाकडे.