कॅमेरा केव्हा पोहोचतो

चित्रपट म्हणजे स्थिर चित्रांची मालिका. सेकंदाला २४ चित्रे पडद्यावर पडली की डोळ्याला त्यांच्यातला तुटकपणा जाणवत नाही आणि हालचाल दिसू लागते. एवढे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. कथापट, माहितीपट, लघुपट, अ‍ॅनिमेशनपट ही यादीही पाठ असते. मात्र या यादीत लघुपट लांबीवरून ठरतो, अ‍ॅनिमेशनपट तंत्रावरून आणि माहितीपट खरेपणावरून. एकाच वर्गीकरणात तीन मापे वापरली आहेत, आणि त्यांतले तिसरे सर्वांत फसवे आहे.

माहितीपट घडलेले दाखवतो, कथापट घडवलेले, अशी सार्वत्रिक समजूत आहे. चित्रपटाच्या आरंभापाशीच ती डळमळते. ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून जे पहिले खेळ दाखवले, त्यांत कारखान्यातून सुटणाऱ्या कामगारांचे दृश्य होते. कापडगिरण्यांवर वाढलेल्या, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटसारख्या गावाला ते परके नाही. या दृश्याच्या तीन आवृत्त्या उपलब्ध आहेत. म्हणजे तेच कामगार त्याच दारातून कॅमेऱ्यासाठी पुन्हा बाहेर पडले. मग हे घडलेले म्हणायचे की घडवलेले?

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण याहून बोलके आहे. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्याआधी भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी एक छोटी फीत केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपत गेले. पडद्यावर माती हलते, कोंब डोके वर काढतो, वेल चढू लागते, आणि सगळे काही क्षणांत उरकते. यातला एकही कण खोटा नाही, तरी कोणत्याही शेतकऱ्याने वाटाणा असा वाढताना पाहिलेला नाही. पैसे लावणाऱ्याची खात्री पटली ती या फितीने. भारतीय कथापटाचे भांडवल एका रोपाच्या माहितीपटाने उभे केले, ही गोष्ट चित्रपटांच्या इतिहासात ठळकपणे सांगितली जायला हवी.

सिनेमा मुळातच घातक मानणारा सर्वांत मोठा माणूस पुढे वर्धा जिल्ह्यातच राहायला आला. १९२७ मध्ये सरकारी चित्रपट समितीच्या प्रश्नावलीला महात्मा गांधींनी कळवले की आपण कधी सिनेमाला गेलेलो नाही, त्याची हानी उघड आहे आणि लाभ असलाच तर तो अजून सिद्ध व्हायचा आहे. १९३६ पासून ते सेवाग्रामला राहिले. जुगार आणि सट्ट्याच्या पंगतीत ते सिनेमाला बसवतात, म्हणून ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९३९ मध्ये त्यांना अनावृत पत्र लिहून फेरविचाराची विनंती केली. गांधींची बाजू पोकळ नव्हती. करमणुकीच्या धंद्याबद्दलचा त्यांचा संशय आजही टिकतो. पण न पाहिलेल्या गोष्टीवर दिलेला निकाल मान्य करता येत नाही. शिवाय लाभाचा पुरावा त्यांनी मागितला होता, आणि तो पुढे त्यांच्याच भागातल्या कापसाने दिला.

विदर्भातल्या कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांवर काही वर्षांच्या अंतरात वेगवेगळ्या जातीचे चित्रपट झाले. दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) हा माहितीपट पत्रकार पी. साईनाथ यांच्याबरोबर फिरतो. त्याच वर्षीचा सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा कथापट. नेहमीच्या समजुतीप्रमाणे पहिल्याला जास्त खरा म्हणावे लागेल. ते दोन्ही शेजारी ठेवले की वेगळेच दिसते. माहितीपटाचा कॅमेरा घरात शिरतो तेव्हा भिंतीवरच्या फोटोला हार चढलेला असतो. माणूस गेल्याखेरीज तिथे जायचे कारणच निर्माण होत नाही. ‘गाभ्रीचा पाऊस’ त्याच्या आधी पोहोचतो. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो आणि किसनाची बायको अलका धास्तावते. आपला नवराही तसेच करील या भीतीने ती त्याच्यावर नजर ठेवते, मुलाला आणि सासूलाही त्या कामाला लावते. तो मात्र पावसाची वाट पाहत पेरणीच्या विवंचनेत असतो. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी साकारलेल्या या जोडप्याच्या घरात धास्ती आणि हसू एकाच ताटात जेवतात. हे कुणा खऱ्या घरात जाऊन टिपणे जवळपास अशक्य, आणि जमले तरी ते टिपत बसणे माणुसकीला सोडून.

तेव्हा प्रकार ठरवताना खरे-खोटे बाजूला ठेवून कॅमेरा घटनेच्या आधी आला, बरोबर आला की नंतर, हे विचारणे अधिक उपयोगी पडते. मीखा पेलेड यांचा ‘बिटर सीड्स’ (२०११) विदर्भातल्या एका कापूस उत्पादकाबरोबर पेरणीपासून हंगामभर राहतो. तो माहितीपट असूनही नंतर येणारा नाही. शेवट काय होणार हे चित्रपट करणाऱ्यालाही ठाऊक नसते. याउलट वार्तापट जवळजवळ नेहमीच नंतरचा असतो.

आधी पोहोचणाऱ्या कथापटाला काही गोष्टी मात्र पेलत नाहीत. हिंगणघाटच्या बाजार समितीत व्यापारी गाडीतून मूठभर कापूस काढतो, धागा ओढून पाहतो आणि भाव बोलतो. त्या भावामागे सरकारचे आयात-निर्यात धोरण असते, हमीभाव असतो, जागतिक बाजार असतो. बियाण्याचा खर्च आणि सावकाराचे व्याज शेतकऱ्याच्या हिशेबात त्याआधीच चढलेले असते. अलकाच्या स्वयंपाकघरातून हे दिसत नाही. ते दाखवायला कागदपत्रे, आकडे आणि जबाबदार माणसांना समोरासमोर विचारलेले प्रश्न लागतात, आणि ते काम माहितीपटाचेच आहे.