देवाची क्षमा, माणसाचे देणे

१५१७ साली मार्टिन ल्यूथरने पापमुक्तिपत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ प्रमेये मांडली. पैसे मोजून पापाची शिक्षा माफ होते, असा समज तेव्हा जर्मनीत पसरवला जात होता. श्रद्धावंताचे सबंध आयुष्यच पश्चात्तापाचे असावे, हे त्यातले पहिले प्रमेय. विक्री पुढे थांबली, प्रश्न मात्र उरला. देव पश्चात्ताप पाहून क्षमा करतो, की क्षमा आधी येते आणि पश्चात्ताप तिच्या पोटी जन्मतो? माझ्या मते ख्रिस्ती शिकवणीचा गाभा दुसऱ्या उत्तरात आहे. पण ते स्वीकारताना एक गोष्ट सर्रास निसटते: देवाने क्षमा केली, म्हणून ज्याला नाडले त्याचे देणे फिटत नाही.

लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय पाहा. यरीहोचा हा मुख्य जकातदार, वसुलीवर गबर झालेला. ठेंगणा असल्याने गर्दीत येशू दिसेना, म्हणून तो उंबरावर चढतो. येशू त्याला खाली बोलावतो आणि आज तुझ्याच घरी उतरणार, असे सांगतो. तोवर जक्कयने पापाची कबुली एका शब्दानेही दिलेली नाही. लोक कुरकुरतात ते पापी माणसाच्या घरी हा उतरतो म्हणून. मग जक्कय निम्मी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत देण्याचे जाहीर करतो. मोशेच्या नियमशास्त्रात आपण होऊन कबुली देणाऱ्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढेच भरावे लागे. चौपट भरपाई होती ती मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला. जक्कय सवलत न घेता चोराचा दर स्वतःला लावून घेतो, आणि तोही कोणी अट घातलेली नसताना.

फुकटच्या क्षमेने पाप सोकावेल, हा आक्षेप पौलाच्या काळापासूनचा आहे. हिटलरच्या जर्मनीत, १९३७ साली, डीट्रिख बोनहोफरने पश्चात्तापाविना वाटल्या जाणाऱ्या क्षमेला स्वस्त कृपा म्हटले. त्याचा इशारा मला मोलाचा वाटतो. मात्र धाकाने माणूस हिशेब लपवतो. आपला स्वीकार झाला आहे हे कळले, तरच वही उघडायचे धाडस करतो. याहून अवघड आक्षेप दस्तयेवस्कीच्या इवान करामाझोवचा: छळलेल्या मुलाच्या वतीने छळणाऱ्याला क्षमा करण्याचा अधिकार कोणाला? यहुदी परंपरेतही माणसाविरुद्धचा अपराध त्या माणसाचे समाधान केल्याखेरीज प्रायश्चित्तदिनानेही धुतला जात नाही. येशू त्याच परंपरेतला आहे. वेदीपाशी अर्पण आणलेल्या माणसाला, तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, असे तो सांगतो. कॅथलिक शिकवणही पापांगीकारानंतर चोरलेली वस्तू परत करायला लावते.

हे विसरले की काय होते, ते बोस्टनमध्ये २००२ साली उघड झाले. मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना वरिष्ठांनी वर्षानुवर्षे एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवले होते. सातांच्या सत्तर वेळा क्षमा करा, हे वचन अशा वेळी पीडितांच्याच तोंडावर फेकले जाते. ते वचन ज्याचा अपराध झाला त्याला उद्देशून आहे. अपराध्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने त्यावर हक्क सांगायचा नाही. लूकच्या सतराव्या अध्यायात तर आधी अपराध्याला दोष दाखव, त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर, असा क्रम आहे. बोस्टनमध्ये दोष दाखवण्याचे काम बिशपांनी टाळले; ते शेवटी पीडितांना, बातमीदारांना आणि न्यायालयांना करावे लागले.