रांगेतला पहिला

6 मे 2010 च्या दुपारी शिकागोच्या वायदेबाजारात अतिवेगवान संगणकी व्यापाऱ्यांनी चौदा सेकंदांत 27 हजारांहून अधिक करारांची उलाढाल केली. त्यातून त्यांच्या पदरात निव्वळ खरेदी पडली ती जेमतेम 200 करारांची; बाकी सगळं एकमेकांच्या गळ्यात मारणं. त्याच सुमारास डाऊ जोन्स निर्देशांक जवळजवळ 1000 अंशांनी गडगडला आणि ॲक्सेंच्युअरचे काही शेअर चक्क एका सेंटला विकले गेले. वायद्यांची घसरण थांबली ती यंत्रणेने व्यवहार आपोआप पाच सेकंद रोखल्यावर. अमेरिकी नियामकांच्या अहवालातले हे तपशील मला फार बोलके वाटतात. उलाढाल दिसली की बाजार तरल आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात भावाला फारसा धक्का न लावता मोठा माल घेणारा समोर असणं ही तरलता, आणि त्या चौदा सेकंदांत नेमका तोच नव्हता.

असा घेणारा बाजारात का थांबतो? दलाल स्ट्रीटच्या रिंगणातला जॉबर खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही भाव सांगून उभा राहायचा. मधला फरक ही त्याची कमाई. धोका एकच: बातमी आधी कळलेला कुणीतरी जुन्या भावात त्याचा माल उचलणार. आज जॉबरच्या जागी संगणक आहे, धोका मात्र तोच. निर्देशांकाचा वायदा हलला की त्याच्याशी बांधलेल्या शेअरवर लावलेला भाव क्षणभर शिळा होतो. तो मागे घ्यायला एक धावतो, उचलायला दहा जण. ‘आधी आला त्याची ऑर्डर आधी’ हा नियम सलग चालणाऱ्या बाजारात मायक्रोसेकंदालाही लागू आहे, त्यामुळे भाव लावणारा बहुतेक वेळा हरतो आणि तो तोटा भावांतल्या फरकात टाकून सगळ्यांकडून वसूल करतो. लंडनच्या बाजारातल्या 2015 च्या ऑर्डरींचा अभ्यास सांगतो की एफटीएसई 100 मधल्या प्रत्येक शेअरमध्ये सरासरी दर मिनिटाला अशी एक शर्यत होते. ती मायक्रोसेकंदांत मोजावी इतक्या झटपट संपते, आणि एकूण उलाढालीचा सुमारे पाचवा हिस्सा अशा शर्यतींतच होतो. त्या थांबल्या तर तरलतेची किंमत 17 टक्क्यांनी उतरेल, असा संशोधकांचा अंदाज आहे.

यावरचा आक्षेप वजनदार आहे. संगणक आल्यावरच तर खरेदी-विक्रीतला फरक कमी झाला! खरं आहे. 1994 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने पडद्यावरचे व्यवहार सुरू केल्यावर मुंबईबाहेरच्या गुंतवणूकदाराला भाव डोळ्यांनी दिसू लागला, ही मोठीच सुधारणा होती. न्यूयॉर्कमध्ये 2003 नंतर यांत्रिक व्यवहार वाढले तसा बड्या शेअरमधला फरक घटल्याचंही दाखवून दिलेलं आहे. पण माणसाच्या जागी यंत्र येणं वेगळं आणि एका यंत्राने दुसऱ्याला मिलिसेकंदाने मागे टाकणं वेगळं. शिकागोचा निर्देशांक-वायदा आणि त्याच निर्देशांकावरचा न्यूयॉर्कचा फंड यांच्या भावांत पडणारी फट 2005 मध्ये साधारण 97 मिलिसेकंद टिकायची, 2011 मध्ये 7. त्या फटीतून मिळणारा नफा मात्र कमी झाला नाही, असं अर्थशास्त्रज्ञ एरिक बुडिश आणि सहकाऱ्यांना आढळलं. ज्या स्पर्धेने नफा घटत नाही, फक्त वेगासाठी टाकलेली केबल महाग होते, तिला कार्यक्षमता म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

छोट्या गुंतवणूकदाराचे यात चार पैसेच जातात, असंही म्हटलं जातं. पण अमिहुद आणि मेंडेलसन या अर्थशास्त्रज्ञांनी 1986 मध्येच दाखवलं होतं की विकताना खर्च येणार हे माहीत असलेला गुंतवणूकदार शेअर मुळातच स्वस्तात मागतो. म्हणजे हा खर्च शेवटी कंपनीच्या भांडवलाला चिकटतो.

आपल्याकडे को-लोकेशनचा, म्हणजे बाजाराच्या सर्व्हरशेजारी आपला संगणक ठेवण्याचा, वाद गाजला तो रांगेत पुढे कोण घुसलं यावरून. भावांची माहिती तेव्हा सर्व्हरकडून एकामागून एक जोडणीला जात असे. सेबीने 2019 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला 624.89 कोटी रुपये भरायचा आदेश दिला, 2023 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो बाजूला सारला. या सगळ्यात रांगच कशाला हवी, हा प्रश्न मागे पडला. सेबीच्याच 2016 च्या चर्चापत्रात उपाय होता: ठरावीक अंतराने ऑर्डरी गोळा करून सगळ्यांना एकच भाव द्यायचा, म्हणजेच लिलाव घ्यायचा. त्याविरुद्ध लगेच दाखला दिला जातो तो 2013 मध्ये कमी उलाढालीच्या शेअरांवर लादलेल्या तासातासाच्या लिलावांचा. तो इथे गैरलागू आहे, कारण त्या शेअरांना गिऱ्हाईकच नव्हतं आणि तास म्हणजे युगच झालं. इथे सेकंदाचा लहानसा अंश पुरेसा आहे. 2010 पासून सकाळी नऊच्या पूर्वसत्रात आपण हेच करत आलो आहोत. तिथे ऑर्डरी घेणं नेमकं कुठल्या सेकंदाला बंद होणार हे कुणालाच सांगितलं जात नाही, त्यामुळे धावण्यात अर्थ उरत नाही. अमेरिकेत डझनाहून अधिक बाजार असल्याने एकट्याने बदलणं अवघड. आपले व्यवहार मुख्यतः दोनच बाजारांत होतात. अडचण वेगळीच आहे. सर्व्हरशेजारची जागा भाड्याने देणं हे बाजारांचं उत्पन्न आहे, आणि दिवसभर लिलाव चालले तर त्या जागेला आजचा दर कोण देईल? बाजार आपणहून हे करणार नाहीत. करायचं तर सेबीलाच करावं लागेल.