चाळीस आणि पन्नास

ख्रिस्ती पंचांगाने दुःखाला चाळीस दिवस दिले आहेत आणि आनंदाला पन्नास. वरवर पाहता दहा दिवसांचा नफाच! पण खरी गंमत हिशेबाच्या पोटात आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत बोटे घालून मोजा, दिवस भरतात शेहेचाळीस. मग चाळीस कसे? तर उपवासकाळातले सहा रविवार धरायचे नाहीत. उलट ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतचे पन्नास दिवस मोजताना मात्र आठच्या आठ रविवार धरायचे. म्हणजे दुःखाच्या खात्यातून सुट्ट्या वजा आणि आनंदाच्या खात्यात सुट्ट्यांसकट भरणा! इतका उदार हिशेब मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

आता एवढी सवलत दिल्यावर माणसांनी काय करावे? माणसे चाळीसच्या चाळीस दिवस मन लावून पाळतात, आणि पन्नासातला एक.

आमच्या वसईत उपवासकाळ म्हणजे मोठी शिस्तीची बाब. दर शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाची वाट असते. चौदा स्थाने, आणि प्रत्येक स्थानापाशी गुडघे टेकून पुन्हा उठायचे. घरी पाण्याचा तांब्या उचलताना ज्यांच्या कमरेत कळ येते, ती मंडळीही इथे चौदा उठाबशा विनातक्रार काढतात. घरोघरी त्याग चाललेला असतो. कोणी चहा सोडतो, कोणी सिगारेट सोडतो. चहा सोडणाऱ्याचा त्याग घरातली बाकीची माणसे भोगतात, ही गोष्ट वेगळी! शुक्रवारी मटण वर्ज्य, पण मासळी चालते. समुद्रकाठच्या माणसाला ‘मटण खाऊ नकोस, पापलेट खा’ अशी शिक्षा फर्मावणाऱ्या शास्त्राबद्दल आदर वाटल्याशिवाय कसा राहील? तरीसुद्धा कालवण ओरपताना चेहरा गंभीर ठेवायची पद्धत आहे.

गुड फ्रायडेला तर चर्चचे आवारही पुरत नाही. मग शनिवारी रात्री अंधारात नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्या ज्योतीवरून हातोहात सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटत जातात. गुरुवारपासून मुक्या झालेल्या घंटा वाजू लागतात. उपवासकाळभर तोंडातून काढायचा नसलेला ‘आलेलूया’ मोकळा सुटतो. रविवारी केक, मटण, पाहुणे, नवे कपडे. आणि सोमवारी? सोमवारी सकाळी विरारहून सुटणारी लोकल. गुड फ्रायडेला सरकारी सुट्टी असते. ईस्टर बिचारा रविवारीच येतो, त्याला वेगळी सुट्टी कोण देणार? ‘काय, काल सण होता ना तुमचा?’ असे विचारणाऱ्या साहेबाला ‘साहेब, अजून एकोणपन्नास दिवस आहे’ असे सांगण्याची आपली छाती नाही.

पुढच्या आठवड्यांत चर्चमध्ये फादरांचा आवाज घुमू लागतो. त्याला कारणेही आहेत. उपवासकाळात लग्ने करत नाहीत, त्यामुळे अडवलेले पाणी सुटावे तशी सगळी लग्ने ईस्टरनंतर एकदम सुटतात. त्यात मे महिना, आंबे, मुलांच्या सुट्ट्या. आनंद साजरा करायला कोणालाच वेळ नसतो, कारण सगळे मजेत असतात.

क्रुसाच्या वाटेला कैक शतकांची परंपरा आहे. तिच्या जोडीला रिकाम्या कबरीपासून निघून पेंटेकॉस्टपर्यंत नेणारी, चौदाच स्थानांची एक ‘प्रकाशाची वाट’ असावी, हे लक्षात यायला मात्र विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. व्हॅटिकनच्या २००१ सालच्या भक्तिप्रकारांवरच्या मार्गदर्शिकेत तिची शिफारस आहे. आमच्याकडे एका वर्षी ती ठेवली होती. फादर होते, गायनवृंदातल्या दोन मुली होत्या, मी होतो, आणि चौदापैकी नऊ स्थानांपर्यंत एक मांजर होते.

हे असे का होत असावे? एक कारण उघड आहे. दुःखात आपले देवाकडे काम असते. मुलाची परीक्षा असते, दवाखान्यातला रिपोर्ट यायचा असतो, जमिनीचा दावा लोंबकळत असतो. गरजवंताला गुडघे टेक म्हणून सांगावे लागत नाही. पण काम झाल्यावर त्याच दारात नुसते ‘बरं वाटलं हो’ एवढे सांगायला परत कोण जातो?

पण हे अर्धेच कारण झाले. खरे म्हणजे आपला दुःखावर विश्वास असतो आणि आनंदाचा आपल्याला संशय येतो. पोर खदखदून हसले की आजी म्हणते, ‘पुरे, आता रडावं लागेल.’ दुसऱ्याच्या आनंदाची तर बातच सोडा. शेजाऱ्याच्या मयताला आपण कामधाम टाकून जातो, आणि मनापासून जातो. त्याच शेजाऱ्याच्या मुलाला कॅनडात नोकरी लागली की अभिनंदन करायला जाताना पाय जरा जड होतात. रडणाऱ्याबरोबर रडणे हा मोठा गुण खराच. पण हसणाऱ्याबरोबर हसायला जास्त दम लागतो.

हा रोग आजकालचा नव्हे. इ.स. ३२५ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या निकिया या गावी बिशपांची मोठी परिषद भरली. ख्रिस्त कोण, असला प्रचंड प्रश्न तिथे ऐरणीवर होता. तो सोडवून त्या मंडळींनी वीस नियम केले. त्यांतला शेवटचा, विसावा नियम गुडघ्यांविषयी आहे! रविवारी आणि पेंटेकॉस्टपर्यंतच्या दिवसांत काही लोक गुडघे टेकतात, तसे न करता सर्वांनी उभ्याने प्रार्थना करावी, असा तो नियम. म्हणजे सतराशे वर्षांपूर्वीही माणसांना सांगावे लागत होते की बाबांनो, उठा, दिवस आनंदाचे आहेत! आता तो नियम तितका कडक राहिला नाही, पण त्याची खूण उरली आहे. एरवी सकाळ, दुपार, संध्याकाळ घंटेबरोबर आंजेलुसची प्रार्थना म्हणतात. ईस्टरच्या पन्नास दिवसांत तिच्या जागी मारियामातेला स्वर्गाची राणी म्हणून हाक मारणारी, तिला आनंदी हो म्हणणारी प्रार्थना येते, आणि ती उभ्यानेच म्हणायची असते.

आमच्या शेजारी एक काका राहतात. सारा जन्म हिशेबखात्यात काढलेले, देवाधर्माच्या बाबतीत काठावर उभे. त्यांना मी हे उत्साहाने सांगितले, तर ते म्हणाले, “हुकमानं आनंद? आमच्या कचेरीत एकदा ‘हसतमुखाने काम करावे’ असं परिपत्रक आलं होतं. सगळ्यांनी सह्या केल्या, हसलं कोणी नाही.” आणि मग चश्मा पुसत म्हणाले, “शिवाय ज्याच्या घरात नुकतंच मयत झालंय, त्यानं काय करायचं रे तुझ्या पन्नास दिवसांचं?”

पहिल्या वाक्यावर मी हसलो. दुसऱ्यावर हसण्यासारखे काही नव्हते.

त्याचे उत्तर मला आमच्याच आळीतल्या एका मावशीकडे मिळाले. तिचा नवरा झावळ्यांच्या रविवारच्या दोनतीन दिवस आधी गेला. ईस्टरनंतरच्या सोमवारपासून मावशी रोज सकाळच्या मिस्सेला हजर. काळे कपडे, हातात प्रार्थनेचे पुस्तक, आणि उभी राहून स्पष्ट आवाजात आलेलूया. आळीत कुजबुज सुरू झाली. ‘नवरा जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत, आणि ही आलेलूया म्हणते!’ ती हंबरडा फोडून रडली असती तर कोणी हरकत घेतली नसती. दुःखाचे प्रमाणपत्र आळीने जागच्या जागी दिले असते. एके दिवशी चर्चच्या पायरीवर मी तिला विचारले, “मावशी, तुला जमतं कसं गं हे?”

“जमतंय कुठं?” मावशी म्हणाली. “रडायला मला पुस्तक लागत नाही रे. रडू आपलं आपण येतं. आलेलूयालाच पुस्तक लागतं. म्हणून तर येते.” आणि भाजीची पिशवी उचलून ती चालू लागली.

पाठ केलेल्या प्रार्थनेला आपण शहाणी माणसे पोपटपंची म्हणतो. मनात नाही ते ओठांवर आणणे म्हणजे ढोंग, अशी आपली ठाम समजूत. पण ढोंग दुसऱ्याला फसवण्यासाठी असते, आणि मावशी कोणाला फसवत होती? थोरल्या भावाचा सदरा घालून शाळेत जाणाऱ्या पोराला आपण ढोंगी म्हणत नाही. त्याला अजून त्या मापाचे व्हायचे असते, एवढेच. दुःखाचे कपडे प्रत्येकाला अंगासरशी बसतात. आनंदाचे मात्र सैल होतात, ते घालून वागायची सवय करावी लागते. म्हणून त्याला दहा दिवस जास्त दिले असावेत.

काकांच्या प्रश्नाचा दुसरा भाग उरतोच. घरातल्या मयताचे काय? ईस्टरनंतरच्या रविवारी दर वर्षी चर्चमध्ये संत थोमाची कथा वाचतात. आपल्या देशात येऊन धर्म सांगितला अशी ज्याची परंपरा आहे, तोच हा थोमा. बाकीचे शिष्य सांगत होते, प्रभू उठला, आम्ही त्याला पाहिले. थोमा म्हणाला, त्याच्या जखमांना हात लावल्याशिवाय मी मानणार नाही. आठ दिवसांनी प्रभू आला आणि म्हणाला, हे घे, लाव हात. या कथेत आपण नेहमी थोमाच्या संशयाकडे पाहतो. पण नीट पाहा, मरण जिंकून आलेल्या देहावर जखमा तशाच आहेत! मरणातून उठायचेच होते तर त्या भरून घ्यायला काय हरकत होती? घेतल्या नाहीत. पास्काच्या मेणबत्तीवरही धुपाचे पाच खडे खोचतात, ते त्या पाच जखमांचे. जखमा पुसल्यावरच आनंद करायचा म्हटले, तर आपल्यापैकी कोणाची पाळी कधी येणार? मावशीने नवऱ्याला विसरून आलेलूया म्हटला नव्हता; त्याला बरोबर घेऊनच ती उभी राहत होती.

पेंटेकॉस्ट झाला की ती मेणबत्ती वेदीजवळून हलवून बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी नेतात. पुढे ती बाप्तिस्म्याला पेटवतात, आणि मयताला शवपेटीजवळ आणून ठेवतात. दोन्हीकडे तीच ज्योत.

ईस्टर उशिरा आला तर पेंटेकॉस्ट जूनमध्ये पडतो, अगदी १३ तारखेपर्यंतसुद्धा. मग शेवटच्या आठवड्यात बाहेर पाऊस धरलेला असतो. सकाळच्या मिस्सेला आठदहा माणसे, त्यातल्या निम्म्यांच्या छत्र्या बाकाखाली गळत असतात. सूर कोणाचा कोणाशी जुळत नाही. मावशीचा तर नाहीच नाही. पण सगळी उभी असतात.