दोन सह्यांचे वचन

मृत्युपत्र करताना आपण पुष्कळदा दोघा मुलांना एक्झिक्युटर नेमतो. आपल्यामागे डोंबिवलीच्या खोलीला गिऱ्हाईक येते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५, कलम ३११ सांगते: मृत्युपत्रात वेगळी सूचना नसेल, तर ते कोर्टात सिद्ध केलेला एकटा एक्झिक्युटरही व्यवहार करू शकतो. पण 'एकमेकांना विचारल्याशिवाय विकायचे नाही' असे दोघांत ठरले असेल तर? कायद्याची मोकळीक शब्दातून सोडवते का? आम्हाला तसे वाटत नाही. लूक १२ मध्ये प्रभू येशूने वाटणी करून द्यायला नकार दिला, पण लोभाविषयी बजावलेच. ठरलेले कागदावर आणावे, सह्या कराव्यात. लग्न होऊन कल्याणला गेलेल्या बहिणीलाही दाखवावे. दोघांच्या करारनाम्याने तिचा मृत्युपत्रातला हिस्सा कमी होत नाही.