तंबाखूचे पान कोणत्या तासाला?

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित हे विषय एकत्र गुंफून शिकवावेत आणि त्यासाठी निरनिराळ्या विषयांच्या शिक्षकांनी एकत्र बसून पाठ आखावेत, असा विचार आज शिक्षणक्षेत्रात आग्रहाने मांडला जातो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘स्टेम’ हे नाव पडले आहे. नाव नवे असले तरी विचार आपल्याला अपरिचित नाही. १९३७ साली वर्ध्यात गांधीजींनी मांडलेल्या नई तालीममध्ये एखाद्या उद्योगाच्या आधाराने सर्व विषय शिकवण्याला ‘समवाय’ म्हणत. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना ग्रामीण शाळांपर्यंत नेली.

या पद्धतीची चर्चा बहुधा वेळापत्रकाच्या अंगाने होते. मला मात्र हा प्रश्न मुळात नैतिक वाटतो. आपल्या निपाणी परिसरातील तंबाखूचे उदाहरण घेतले, तर मी असे का म्हणतो ते स्पष्ट होईल.

जीवशास्त्राच्या तासाला तंबाखू ही वांगी-मिरचीच्या कुळातील एक वनस्पती असते. आरोग्याच्या पाठात ते विष असते, भूगोलात नगदी पीक. आणि इतिहासात, कोणी सांगितलेच तर, १९८१ च्या आंदोलनाचे कारण. प्रत्येक शिक्षक आपल्यापुरते खरेच सांगतो. पण जिची आई विड्या वळते, त्या मुलीच्या मनात ही चारही सत्ये एकाच वेळी वावरत असतात. त्यांचा मेळ घालण्याचे काम आपण वर्गातील त्या लहान जिवावर सोपवून मोकळे झालेलो असतो.

आता हेच शिक्षक एका टेबलाभोवती बसले आहेत, असे समजू. गणिताचे शिक्षक हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीचा हिशेब घेतील आणि छाट म्हणून नाकारलेल्या विड्यांमुळे ती शेकडा किती उतरते, हे मुलांकडून काढून घेतील. विज्ञानाचे शिक्षक सांगतील, की निकोटिन झाडाच्या मुळांत तयार होऊन पानांत साठते आणि किडीपासून झाडाचे रक्षण करते. शेंडा खुडला की पानांतील त्याचे प्रमाण वाढते. ओली पाने हाताळणाऱ्या मजुराच्या शरीरात ते त्वचेवाटेही शिरते. तंत्रज्ञानाचा पाठ वखारीतील धुळीवर बेतता येईल: हवा कोठून आत यावी, कोठून बाहेर पडावी? इतिहासाचे शिक्षक रास्त भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडून बसलेल्या शेतकऱ्यांविषयी आणि गोळीबारात प्राण गमावलेल्यांविषयी बोलतील. संघटित झालेल्या तंबाखू-कामगार स्त्रियांविषयीही बोलतील. त्यांच्यावरचा छाया दातार यांचा इंग्रजी ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध झाला.

इथवर आल्यावर एक प्रश्न टाळता येत नाही. ज्यावर घर चालते ते विष आहे, हे त्या मुलीला कसे सांगायचे? एकेकट्या शिक्षकाला ‘हा माझा विषय नव्हे’ असे म्हणून सुटता येत होते. विषयांच्या भिंती अभ्यासाच्या सोयीसाठी उभारल्या गेल्या खऱ्या, पण त्यांचा आडोसा जबाबदारी टाळण्यासाठीही घेता येतो. एकत्र बसल्यावर हा आडोसा उरत नाही.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. प्रत्येक विषयाला स्वतःची शिस्त असते. गणिताला सदैव हिशेबाच्या चाकरीस जुंपले, तर त्याची खोली हरवेल. म्हणून प्रत्येक पाठ तंबाखूशी जोडण्याचा अट्टहास नको. वर्षातून असे दोनतीन पाठ पुरेत. दुसरा आक्षेप असा, की शिक्षक उपदेशक बनतील. मला उलटे वाटते. शिक्षक एकटा अर्धे सत्य घेऊन उभा राहतो, तेव्हाच उपदेशाचा धोका अधिक. निकोटिनचे दुष्परिणाम सांगणाऱ्याला शेजारचा सहकारी मजुरीचा आकडा दाखवतो, आणि पिकाचे गोडवे गाणाऱ्याला तिसरा फुप्फुसांची आठवण देतो. त्यासाठी सहकाऱ्यांदेखत ‘हे मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याची तयारी मात्र हवी. आपल्याकडील शिक्षकी पेशाला हीच गोष्ट सर्वांत जड जाते.

त्या मुलीने पुढे काय करावे, हे शिक्षकांनी ठरवायचे नाही. आईच्या कष्टाला उणेपणा न आणता आणि पानातील विष न लपवता पुरता हिशेब तिच्यापुढे मांडणे, एवढे त्यांचे कर्तव्य आहे. तो हिशेब कोणा एका विषयाच्या वहीत मावत नाही, म्हणून त्यांनी एकत्र बसायचे.