नीलाने नेमकं काय सोडलं?



आजचं चिंतन गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या श्लोक ७ ते ९ वर. भगवंत इथे त्यागाचे तीन प्रकार सांगतात. मोहापायी कर्तव्य सोडलं तर तो तामस. त्रास होईल या भीतीने सोडलं तर राजस, आणि अशा त्यागाचं फळ मिळत नाही. कर्म करत राहून आसक्ती आणि फळाची इच्छा तेवढी सोडली, तर सात्त्विक.

वाचायला सोपं आहे. मी अडकलो ते एका सिनेमामुळे.

दिवाळीत धानोऱ्याला घरी होतो. आईने मोबाईलवर 'झनक झनक पायल बाजे' लावायला सांगितला. व्ही. शांतारामांचा, १९५५ चा. गोपीकृष्ण झालेत गिरधर, संध्या नीला, आणि केशवराव दाते गिरधरचे वडील व गुरू मंगल महाराज. गिरधर आणि नीला नाचता नाचता प्रेमात पडतात. महाराजांना ते साधनेतलं विघ्न वाटतं. मग गिरधरचं मन आपल्यावरून उडावं म्हणून नीला खोटं वागते, आपलं मन दुसऱ्यावर आहे असं भासवते. तो तिचा तिरस्कार करू लागतो. ती जीव द्यायला निघते, वाचते, आणि जोगीण होते.

आईने डोळे पुसले. म्हणाली, "केवढा त्याग!" मला मात्र राग येत होता, आणि तो नीलाचा नव्हता. महाराज प्रेमाला मोह म्हणतात, पण त्यांचं स्वतःचं चित्त कुठे आहे? मुलाला मिळणाऱ्या किताबात! फळाची आसक्ती तर त्यांनाच सुटत नाही, आणि सोडायला लावतात दुसऱ्याला. गंमत म्हणजे शेवटी स्पर्धेत ऐन वेळी गिरधरच्या मदतीला येते ती नीलाच. तिच्यासोबत नाचूनच तो जिंकतो. (१९४८ च्या 'द रेड शूज' या इंग्रजी सिनेमातही नायिकेला नृत्य की नवरा असं निवडायला लावतात. तिथे तिचा जीवच जातो.)

आमच्याकडे गोंड गावांत लग्नाला रेला नाचतात. पोरं-पोरी हातात हात घालून, कितीतरी वेळ. तो नाच प्रेमापासून वाचवायला हवा असं तिथे कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आता माझी गोष्ट. माझा मामेभाऊ पोलीस भरतीची तयारी करतो. रोज पहाटे रस्त्यावर धावतो. त्याचं एका मुलीवर मन होतं. दोन वर्षांपूर्वी मीच त्याला बजावलं होतं, "आधी वर्दी, मग बाकी सगळं. तिला सांगून टाक." वर गीतेचा दाखलाही दिला होता. निष्काम कर्म वगैरे! त्याने ऐकलं, कारण मी मोठा, शहरात नोकरी करणारा. त्याने सोडलं ते माझ्या भीतीपोटी. आणि मला हवी होती ती त्याची वर्दी, खरं सांगायचं तर नातेवाइकांत सांगायला.

सिनेमा संपल्यावर अंगणात येऊन त्याला फोन लावला. म्हटलं, "माझं चुकलं रे. तिच्याशी बोल एकदा."

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "तिचं लगन जमलं, दादा."

उद्या श्लोक १०.

राम कृष्ण हरी.